शंभर दिवसांची मजुरी



गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आदल्या रविवारी, कातकरी वाडीवरच्या उपासनेत वचन सांगण्याची पाळी माझी होती. मी मत्तयाचा 18 वा अध्याय घेतला. भावाला किती वेळा क्षमा करावी, असे पेत्र विचारतो आणि प्रभू निर्दय चाकराचा दाखला सांगतो. संडेस्कूलपासून तो आपल्याला पाठ आहे.

मी त्यातला हिशेब फळ्यावर मांडला. त्या काळी दिवसाची मजुरी एक दिनार. एका तलांताचे साधारण 6,000 दिनार होत. चाकराकडे राजाचे 10,000 तलांत येणे होते, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस कामाचे धरले, तरी 2 लाख वर्षे! लोक हसले. मग मी दुसरी रक्कम लिहिली. चाकराचे सोबत्याकडून येणे 100 दिनार. ही रक्कम क्षुल्लक, असे आपण नेहमी सांगतो. मीही सांगत आले. पण तेव्हा कोणी हसले नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे वीटभट्टीचा अर्ध्याहून अधिक हंगाम. ती सोडून देणे किती जड, हे त्या माणसांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

उपासनेनंतर मागे बसलेली एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, आमच्याकडं तुमचे किती निघतात?”

तिच्या नवऱ्याला मी आदल्या श्रावणात 4,000 रुपये दिले होते. मुलगा तापाने पडलेला, घरात दाणा नाही. पैसे माझे स्वतःचे होते. (संस्थेचे असते तर ते सोडण्याचा मला अधिकारच नव्हता, तो तुमच्या दानाचा हिशेब आहे.) अट एकच घातली होती, की या वर्षी भट्टीची उचल घ्यायची नाही आणि मुलाची शाळा सुटू द्यायची नाही. तो हो म्हणाला. दिवाळीनंतर गेले, तर दार दोरीने बांधलेले. मुलासकट सगळे घर भट्टीवर.

पैशांचे दुःख नाही, शब्द मोडल्याचे आहे, असे मी सर्वांना सांगत होते. खरे तर पैशांचेही होते. मे अखेरीस ते परतले. मला पाहिले की तो पायवाट सोडून बांधाने निघून जाई, आणि मला ते बरे वाटे. त्या दिवसांत झालेल्या दोन बैठकांत मी नाव न घेता त्याचे उदाहरण दिले. कोणाविषयी बोलते, हे साऱ्या वाडीला कळत होते. दाखल्यातला चाकर सोबत्याचा गळा धरतो. मी तो चारचौघांत धरला होता आणि आता फळ्यासमोर उभी राहून क्षमा शिकवत होते.

मत्तयात प्रभूच्या प्रार्थनेत आपण ऋणे सोडण्याविषयी बोलतो. तिथे आणि या दाखल्यात मूळ ग्रीकमधले क्रियापद एकच आहे, ‘अफिएमी’, सोडून देणे. पेत्र व आंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे गेले, तिथेही तेच. डिप्लोमाच्या परीक्षेत यावर मला चांगले गुण मिळाले होते. जाळे सोडले की ते हातात राहत नाही. मी मात्र वहीतली नोंद खोडली नव्हती.

सोमवारी त्यांच्या घरी गेले. बैठकीत बोलले ते चुकले, हे आधी सांगितले. मग पैसे सोडल्याचे. तो बराच वेळ गप्प होता. नंतर कळले, की ताप पुन्हा उलटला होता, तालुक्याच्या खासगी दवाखान्याचे बिल भरायला त्याने उचल घेतली होती. मी कधी विचारलेच नव्हते. आणि हंगामाच्या शेवटी मुकादमाने हिशेब सांगितला, की अजून 9,000 अंगावर आहेत, पुढच्या वर्षी याच भट्टीवर यायचे.

तो म्हणाला, “ताई, तुम्ही सोडलं. मुकादम सोडंल का?”

इथे आपल्या मंडळ्यांत गफलत होते, म्हणून लिहिते. राजाने सोडले ते त्याचे स्वतःचे येणे होते. दुसऱ्याच्या वाट्याचा अन्याय मी परस्पर सोडू शकत नाही आणि त्याला “जाऊ दे, क्षमा कर” असे सांगून गप्पही बसवू शकत नाही. लूक 17 मध्ये अपराध करणाऱ्या भावाला आधी दोष दाखवायला सांगितले आहे. जक्कयाने नाडलेल्यांकडे नुसती क्षमा मागितली नाही, चौपट परत करतो म्हणाला. उचलीच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणे 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे आणि तसे कर्ज कायद्यानेच रद्द ठरते. मुकादमाविषयी मनात विष ठेवायचे की नाही, ते त्या भावाने प्रभूसमोर ठरवावे. माझे काम त्याच्याबरोबर तहसील कार्यालयात जाण्याचे.

अर्ज दिला आहे. मुलगा शाळेत जातो. गणपतीनंतर मुकादम वाडीवर फिरू लागतील, तेव्हा या घराची प्रार्थनेत नावाने नाही, तरी आठवण करा.