रक्तातूनच घडलेलं औषध

काशीहून मुंबईच्या परळला जाणारी कर्करुग्णांची वाट जुनी आहे. काशीतल्या दुर्गाघाटाच्या मराठी वस्तीला मुंबई परकी नाही. पण पूर्वांचलातल्या खेड्यातून आलेल्या माणसाला परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर पथारी पसरावी लागे. २०१९ मध्ये काशीतच लहरतारा इथे आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात टाटा मेमोरियलच्याच दोन रुग्णालयांचं उद्घाटन झालं आणि ही पायपीट पुष्कळ कमी झाली. आता त्याच टाटा मेमोरियलनं आयआयटी मुंबईच्या साथीनं रक्ताच्या कर्करोगावर एक देशी उपचार उभा केला आहे : नेक्सकार१९.

यात औषधाचा कच्चा माल म्हणजे रुग्णाचं स्वतःचं रक्त. यंत्रातून रक्त फिरवून रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी वेगळ्या काढायच्या, बाकीचं रक्त परत शरीरात सोडायचं. एरवी कर्करोग या पेशींच्या नजरेतून निसटतो. म्हणून प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात नवा जनुक घालतात. मग कर्कपेशीच्या अंगावरचं सीडी१९ हे प्रथिन त्यांना ओळखता येतं. वाढवलेल्या, गोठवलेल्या पेशी रुग्णालयात येतात. रुग्णाला आधी थोडी केमोथेरपी देतात, मग या पेशींची छोटीशी पिशवी वितळवून सलाईनसारखी शिरेतून सोडतात. सारी लढाई त्यानंतरची. ताप चढू शकतो, रक्तदाब घसरू शकतो. डॉक्टरांना डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

आयआयटीचे राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा आणि टाटांचे गौरव नरुला, हसमुख जैन यांनी हे काम पुढे नेलं. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटांच्याच केंद्रात भारतातल्या पहिल्या रुग्णाला अशा पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, तीही इतर उपचार निष्फळ ठरलेल्या, पंधरा वर्षांवरील रुग्णांसाठी. चाचण्यांत परिणाम तपासता आलेल्या ५१ जणांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. सगळ्यांचा आजार कायमचा गेला, असं मात्र नाही.

अमेरिकेत अशाच प्रकारचा उपचार तीन-चार कोटींच्या घरात जातो. इथे तो तीस ते पन्नास लाखांत बसतो. मला या कामाचा मनापासून अभिमान आहे. पण तीस लाख म्हणजे लहरताऱ्याच्या ओपीडीत रांग लावणाऱ्या बहुतेक घरांची शेतीवाडी विकूनही न जमणारी रक्कम. सरकारी योजनांचा पुरेसा आधार आणि पेशी घडवणारी आणखी केंद्रं, ही दोन्ही कामं अजून व्हायची आहेत.