साहेबांची गाडी कोणत्या इंधनावर?

‘एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस’ ऊर्फ ‘ईईएसएल’ ही केंद्र सरकारची कंपनी. एलईडी बल्ब घाऊक विकत घेऊन तिने त्याचा खरेदी दर २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आणला. तोच हिशेब मोटारींना लावावा म्हणून २०१७ मध्ये तिने सरकारी खात्यांसाठी एकदम १०,००० विजेच्या मोटारींची निविदा काढली. टाटा मोटर्सने जीएसटी सोडून १० लाख १६ हजारांचा दर भरला, महिंद्राने तो मान्य केला आणि पहिल्या ५०० गाड्या दोघांत वाटल्या गेल्या : ३५० टिगोर, १५० ई-व्हेरिटो. दर खरोखरच चांगला होता.

पण बल्ब होल्डरमध्ये बसवला की खात्याचं काम संपतं. मोटार रोज चालवावी लागते. २०१८ च्या उन्हाळ्यात दिल्लीतून बातम्या आल्या, की वरिष्ठ अधिकारी या गाड्यांत बसायला राजी नाहीत. पूर्ण चार्ज करूनही शहरात ८०-८२ किलोमीटरपुढे गाडी जात नाही, ही तक्रार. साहेबांचे नखरे म्हणून हसण्याआधी साहेबांच्या ड्रायव्हरचा विचार करावा. सकाळी बंगला ते कार्यालय, मध्येच तातडीची बैठक, दुपारी विमानतळ, संध्याकाळी मंत्र्यांचं बोलावणं. दिवसाचं अंतर फार नसेलही, पण पुढची फेरी कधी नि कुठे हे त्याला कोणी सांगत नाही. वाटेत गाडी थांबली तर बोलणी खाणार तोच. अशा माणसाने जुनी डिझेल गाडी बाहेर काढली तर त्यात नवल काय? निविदा १०,००० ची होती. २०१९ पर्यंत प्रत्यक्ष घेतल्या गेल्या जेमतेम दीड हजार.

अमेरिकेत याच्या आधीच याहून गमतीशीर प्रकार घडला होता. १९९२ च्या ऊर्जा कायद्यानुसार मोठ्या शहरांतल्या केंद्रीय खात्यांनी १९९९ पासून घ्यायच्या हलक्या वाहनांपैकी ७५ टक्के वाहनं पर्यायी इंधनाची असायला हवी होती. खात्यांनी पेट्रोलवर आणि ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या मिश्रणावरही चालणाऱ्या ‘फ्लेक्स-फ्युएल’ गाड्या मोठ्या संख्येने घेतल्या. नियम पाळला गेला. मग त्यांत बहुतेक वेळा पेट्रोलच भरलं गेलं, कारण इथेनॉल मक्यापासून बनत असल्याने त्याचे पंप मुख्यतः मका पिकवणाऱ्या राज्यांत होते आणि कार्यालयं देशभर. अखेर २००५ मध्ये कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं : अशा गाडीत पर्यायी इंधनच भरा, ते मिळत नसेल किंवा फारच महाग पडत असेल तर रीतसर सूट मागा. तोवर टाकीत काय पडतं, हे फारसं कोणी विचारत नव्हतं.

दिल्लीच्या बसगाड्यांचं मात्र जमलं. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी सगळ्या बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणायला सांगितल्या. तारीख हुकली, पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या, सरकारने मुदती मागितल्या; न्यायालयाने पाठ सोडली नाही. २००२ अखेर शहरातली डिझेल बस इतिहासजमा झाली. न्यायालयाचा धाक होताच. पण माझ्या मते तेवढंच कारण नाही. बसचा मार्ग ठरलेला असतो, रात्री ती डेपोत परतते आणि इंधन कुठे भरायचं हा प्रश्न चालकाच्या मर्जीवर राहत नाही.

आपल्या एसटीने ‘शिवाई’ ही विजेवरची बस १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सोडली. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडीही याच मार्गावर धावली होती. मुहूर्त साधण्यात आपण तरबेज आहोतच, पण मार्गाची निवडही शहाणपणाची होती : साधारण १२० किलोमीटर, दोन्ही टोकांना एसटीचं स्वतःचं स्थानक. मुंबईत ‘बेस्ट’ने विजेच्या बस वेट लीजवर, म्हणजे बस आणि चालक दोन्ही कंत्राटदाराचे, अशा पद्धतीने घेतल्या. भांडवलाचा भार हलका झाला, तरी ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी वेतनासाठी संप केला तेव्हा प्रवासी ताटकळलेच. इंधन बदललं म्हणून चालकाच्या पगाराचा प्रश्न सुटत नाही.

महाराष्ट्राने जुलै २०२१ मध्ये ईव्ही धोरण आणलं. सरकारी गाड्या नव्याने घ्यायच्या त्या विजेवरच्याच, हा नियम एप्रिल २०२२ ऐवजी १ जानेवारी २०२२ पासूनच लागू करण्याची घोषणा झाली. त्यात केंद्राने १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द केली. म्हणजे निर्लेखनाच्या आणि नव्या खरेदीच्या फायली जोडीनेच हलणार. त्यांत पहिला मान साहेबांच्या गाडीला देऊ नये. घंटागाड्या घ्या. ठरलेल्या गल्ल्या, ठरलेली वेळ आणि फेऱ्या आटोपल्या की मुक्काम महापालिकेच्या आवारात. चार्जरला याहून सोयीचं गिऱ्हाईक कोणतं? जिल्हाभर दौरे करणाऱ्या तहसीलदाराची जीप शेवटी आली तरी चालेल.

आणि वाचकहो, प्रत्येक सरकारी गाडीचं लॉगबुक असतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला महाराष्ट्रात १० रुपये पडतात. आपल्या महापालिकेने विजेच्या गाड्या किती घेतल्या हे वर्तमानपत्रात छापून येतंच. त्या गाड्या दर महिन्याला किती किलोमीटर धावल्या, हे अर्ज करून विचारा.