आईने बसून घेतलेला चहा

मुलांनो, तुमच्या घरी दुपारचा चहा किती वाजता होतो? चारला? साडेचारला? आणि तो करतं कोण? उत्तर मनातच ठेवा. शेवटी लागणार आहे!

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये स्लाव या गावी राहते. २०१८च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि आई तिच्याकडे गेलो होतो. एका शनिवारी ती म्हणाली, "आई, आज चहाचं आधण ठेवू नकोस. आपल्याला चहाला बाहेर जायचंय."

"कुणाकडे गं?"

"क्लिव्हडनला!"

क्लिव्हडन म्हणजे थेम्स नदीच्या काठी, उंचावर बांधलेला एक भलामोठा वाडा. सतराव्या शतकात बकिंगहॅमच्या ड्यूकने इथे पहिला वाडा बांधायला घेतला. पण या जागेच्या नशिबी आग होती. १७९५ साली वाडा जळाला. पुन्हा बांधला, तो १८४९ साली जळाला! आज दिसतो तो तिसरा. तो चार्ल्स बॅरी यांनी उभारला. लंडनच्या पार्लमेंटची इमारत ज्यांनी आखली, तेच हे बॅरी. १८९३ साली अमेरिकेतून आलेल्या ॲस्टर या गडगंज श्रीमंत कुटुंबाने वाडा विकत घेतला. १९४२ साली त्यांनी तो 'नॅशनल ट्रस्ट' या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकला. १९८५ पासून तिथे हॉटेल आहे.

म्हणजे पूर्वी जिथे राजे-सरदार चहा प्यायचे, तिथे आता पैसे मोजून कुणालाही बसता येतं. खिशाला कात्री लागते, ते सोडा!

आम्ही दिवाणखान्यात बसलो. लाकडी नक्षीच्या भिंती, केवढी तरी शेकोटी, मऊमऊ कोच. एका तरुण वाढप्याने किटली आणून ठेवली. सोबत तीन मजली तबक! खालच्या मजल्यावर काकडीची इवलीशी सँडविचेस, मधल्यावर गरम स्कोन, म्हणजे गोडसर जाड पाव, आणि वरच्यावर केक. खायचं खालून वर, बरं का! पायऱ्या चढल्यासारखं.

आईने कपात डोकावून पाहिलं. "अगं, यात दूध कुठंय? आणि आलं?" तिकडे चहा आपल्यासारखा उकळत नाहीत. किटलीतल्या गरम पाण्यात पत्ती तीन-चार मिनिटं मुरू देतात. दूध वेगळं, साखर वेगळी. ज्याने त्याने आपापली घालून घ्यायची.

मग आईने स्कोनबरोबरच्या वाटीत चमचा घातला, चाखलं आणि हसलीच. "अगं, ही तर साय!" खरंच की! 'क्लॉटेड क्रीम' म्हणजे दूध किंवा क्रीम मंद आचेवर तापवून, थंड करून काढलेली घट्ट साय. शेजारी स्ट्रॉबेरीचा जॅम. आई वाईची, स्ट्रॉबेरी तिच्या माहेरच्या वाटेवरची! आधी साय लावायची की आधी जॅम, यावरून तिकडे डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांत गमतीचं भांडण आहे. डेव्हनवाले साय आधी लावतात, कॉर्नवॉलवाले जॅम. आईने दोन्ही एकत्र कालवून भांडणच मिटवलं!

ही दुपारच्या चहाची पद्धत कशी पडली? असं सांगतात, की १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांना दुपारी फार भूक लागायची. श्रीमंतांकडे रात्रीचं जेवण आठाच्या पुढे. तोवर पोटात कावळे ओरडायचे. मग त्या आपल्या खोलीत गुपचूप चहा आणि लोणी-पाव मागवू लागल्या. हळूहळू मैत्रिणींना बोलावू लागल्या आणि पद्धत पडून गेली. गंमत म्हणजे त्याच सुमारास, १८३९ साली, आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्या लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या. त्याआधी तिकडे चहा यायचा तो चीनचा. आमच्या किटलीतला चहाही आसामचाच होता. कुठल्या तरी मळ्यातल्या बाईने खुडलेली पत्ती आमच्यासारखीच हजारो मैल येऊन पोचली होती.

आमचं खाणं झालं आणि आई चटकन उठली. बशा एकात एक रचू लागली! वाढप्या धावत आला. हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसा. हे माझं काम." आई अवघडून बसली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "सगळ्यांना देऊन झाल्यावर पातेल्यात उरेल तो माझा चहा. आज पहिला कप मला मिळाला."

आम्ही दोघी बहिणी गप्पच झालो. इतक्या वर्षांत हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या दिवाणखान्यात एका बाईंचं मोठं चित्र आहे. त्या नॅन्सी ॲस्टर, या घरच्या मालकीणबाई. १९१९ साली ब्रिटनच्या पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात बसणाऱ्या त्या पहिल्या महिला. केवढा मान! पण त्यांचे कपडे-दागिने सांभाळणारी रोझिना हॅरिसन कोण होती? एका पाथरवटाची मुलगी. पस्तीसेक वर्षं तिने या बाईंची सेवा केली आणि पुढे १९७५ साली आपल्या चाकरीच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. म्हणून तिचं नाव आपल्याला कळलं. बाकी किती जणांनी या वाड्यात किटल्या वाहिल्या असतील, त्यांची चित्रं काही भिंतीवर नाहीत.

आता ते मनात ठेवलेलं उत्तर काढा पाहू. चहा कोण करतं? आई? आजी? वहिनी? मग येत्या रविवारी तुम्ही करा. गॅस मोठ्यांच्या देखत पेटवा, आलं ठेचून घाला. तीन मजली तबक नसलं तरी चालेल, दोन बिस्किटं पुरे. पहिला कप त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "तू बस. हे माझं काम."

आणि हो, कपबश्याही तुम्हीच विसळायच्या!