साथीचा काळ आणि देशांतर्गत स्पर्धांतील व्यावसायिक खेळाडू

सन २०२१ च्या फेब्रुवारी महिन्यात वऱ्हाडच्या दृष्टीने परस्परविरोधी अशा दोन घटना एकाच आठवड्यात घडल्या. २० फेब्रुवारी रोजी विजय हजारे करंडक या एकदिवसीय क्रिकेट स्पर्धेस प्रारंभ झाला आणि विदर्भाचा संघ इंदूर येथे आपले सामने खेळू लागला. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती शहर व अचलपूर परिसर येथे करोनाच्या साथीमुळे पुन्हा टाळेबंदी लागू झाली. तिची मुदत ८ मार्चपर्यंत वाढविण्यात आली तेव्हा त्या क्षेत्रात अंजनगाव सुर्जीचाही समावेश झाला. १८०३ च्या तहामुळे इतिहासास आणि पानपिंपरीच्या पिकामुळे बाजारपेठेस परिचित असलेले हे गाव असे पुन्हा घरात बसले असता, सातपुड्याच्या पलीकडे इंदुरात मात्र चेंडू व फळी यांचा व्यवहार चालू होता.

या विरोधाभासावरून एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. ज्या काळात खेळ ही सामान्य माणसास अनावश्यक, किंबहुना निषिद्ध गोष्ट झाली होती, त्या काळात तो का खेळविला गेला? करमणूक, दूरचित्रवाणीचे उत्पन्न, लोकांचे मनोधैर्य अशी उत्तरे देता येतील आणि ती खोटीही नाहीत. परंतु खेळाडूच्या बाजूने पाहिल्यास उत्तर याहून साधे आहे. खेळ झाला तरच त्याला वेतन मिळणार होते. साथीने व्यावसायिक खेळाडूच्या उपजीविकेची घडण कशी आहे हे उघड केले. ती घडण समजावून घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. खंडित परंपरा

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ च्या हंगामात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही तिचा क्रम मोडला नाही. २०२० च्या मार्च महिन्यात राजकोट येथे सौराष्ट्र व बंगाल यांच्यातील अंतिम सामना चालू असतानाच साथीची छाया पडली आणि अखेरच्या दिवसाचा खेळ प्रेक्षकांवाचून पार पाडावा लागला. पहिल्या डावातील आघाडीवर सौराष्ट्राने प्रथमच अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर २०२०-२१ चा हंगाम मात्र झालाच नाही. २०२१ च्या जानेवारीअखेर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने राज्य संघटनांना पत्राने तसे कळविले. ८७ वर्षांच्या इतिहासात असे प्रथमच घडले.

या निर्णयामागील कारणे समजण्यासाठी स्पर्धेची रचना लक्षात घ्यावी लागते. रणजी स्पर्धेत ३८ संघ भाग घेत. साखळी सामना चार दिवसांचा असे आणि संघास गावोगाव प्रवास करावा लागे. साथीच्या काळात खेळ चालवावयाचा तर खेळाडूंना बाह्य संपर्कापासून पूर्णतः तोडून एकाच निवासात ठेवणे भाग होते. यालाच त्या वेळी ‘बायो-बबल’ म्हणत. एकाच शहरात सहा संघ आणून, दोन-तीन आठवड्यांत वीस षटकांची अथवा पन्नास षटकांची स्पर्धा उरकणे या पद्धतीने शक्य होते. त्याप्रमाणे सय्यद मुश्ताक अली स्पर्धा जानेवारी २०२१ मध्ये प्राथमिक फेरीपुरती सहा शहरांत विभागून झाली. विजय हजारे स्पर्धेसाठी संघांनी १३ फेब्रुवारीपर्यंत आपापल्या केंद्री जमावे, विलग राहावे आणि तीन वेळा तपासणी करून घ्यावी असा दंडक होता. चार दिवसांच्या सामन्यांसाठी हीच व्यवस्था कित्येक महिने टिकविणे मंडळास व राज्य संघटनांस व्यवहार्य वाटले नाही. अर्थात, जी स्पर्धा सर्वांत दीर्घ, तीच प्रथम बळी पडली. आणि दुर्दैवाने तीच खेळाडूच्या उत्पन्नाचा मुख्य आधार होती.

२. मानधनाचा हिशेब

भारतात राष्ट्रीय संघातील निवडक खेळाडूंशी मंडळ वार्षिक करार करते. राज्य संघातील खेळाडूंना सामान्यतः असा करार नसे. त्यांना मिळे ते सामन्याचे मानधन. २०२०-२१ पर्यंत ते रणजी सामन्यासाठी प्रतिदिवशी ३५,००० रुपये, एकदिवसीय सामन्यासाठी तितकेच आणि वीस षटकांच्या सामन्यासाठी १७,५०० रुपये असे होते.

या दरांवरून एक साधा हिशेब मांडता येतो. विदर्भाच्या गटातील संघाच्या वाट्यास २०१९-२० मध्ये आठ साखळी सामने येत. ते सर्व खेळणाऱ्या खेळाडूस एका सामन्याचे १,४०,००० याप्रमाणे ११,२०,००० रुपये मिळत. २०२१ च्या आरंभी झालेल्या दोन मर्यादित षटकांच्या स्पर्धांत प्राथमिक फेरीचे प्रत्येकी पाच सामने होते. त्यांचे मानधन अनुक्रमे ८७,५०० व १,७५,००० रुपये, म्हणजे एकूण २,६२,५०० रुपये होते. रणजी स्पर्धा बुडाल्याने केवढा खड्डा पडला, हे या दोन आकड्यांच्या तुलनेवरून ध्यानात येईल. शिवाय हा हिशेब दोन्ही स्पर्धांत खेळणाऱ्याचा आहे. जो फलंदाज केवळ दीर्घ सामन्यासाठी योग्य समजला जातो, त्याला वीस षटकांच्या संघात स्थान असेलच असे नाही. त्याच्या दृष्टीने ते वर्ष जवळजवळ निरंक गेले.

येथे एक आक्षेप संभवतो. दिवसाला ३५,००० रुपये मिळविणाऱ्यास निर्धन कसे म्हणावे? तसे म्हणण्याचे कारणही नाही. ज्या खेळाडूंस बँका, रेल्वे किंवा सरकारी कचेऱ्यांत नोकरी होती, त्यांना साथीतही मासिक पगाराचा आधार राहिला. इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावात निवडले गेलेले थोडे खेळाडूही सुस्थितीत होते, कारण ती स्पर्धा २०२० मध्ये अरब अमिरातीत नेऊन खेळविण्यात आली. परंतु या दोहोंपैकी काहीच नसलेला जो मोठा वर्ग उरतो, त्याचे उत्पन्न वर्षातील तीन-चार महिन्यांत आणि कारकिर्दीतील दहा-बारा वर्षांत एकवटलेले असते. त्याच्या मिळकतीचा दर मोठा असला तरी तिचे स्वरूप रोजंदारीचे आहे, हा येथील मुद्दा आहे.

स्त्री खेळाडूंची स्थिती याहून बिकट होती. त्यांचे दैनिक मानधन १२,५०० रुपये होते आणि २०२०-२१ मध्ये वरिष्ठ गटाची एकदिवसीय स्पर्धा तेवढी मार्च-एप्रिलमध्ये झाली. रेल्वेच्या संघाने ती जिंकली.

सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळाने नवे दर जाहीर केले. पुरुषांच्या वरिष्ठ गटात चाळीसहून अधिक सामने खेळलेल्यास प्रतिदिवशी ६०,०००, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्यास ५०,००० आणि त्याहून कमी अनुभव असलेल्यास ४०,००० रुपये ठरले. स्त्रियांच्या वरिष्ठ गटाचे मानधन २०,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. तसेच बुडालेल्या हंगामाची भरपाई म्हणून २०१९-२० मध्ये खेळलेल्यांना मानधनाच्या ५० टक्के अधिक रक्कम देण्याचे घोषित झाले. हा निर्णय स्वागतार्ह होता, यात शंका नाही. परंतु भरपाईचा पाया मागील हंगाम हा असल्याने, २०२०-२१ मध्ये प्रथमच संघात येऊ शकला असता अशा तरुणास तिचा लाभ होणे शक्य नव्हते. आणि २०२१-२२ चा रणजी हंगामही, ओमायक्रॉनच्या लाटेमुळे जानेवारीतून पुढे ढकलला जाऊन, प्रत्येक संघास तीनच साखळी सामने देऊ शकला. ५०,००० च्या वर्गातील खेळाडूस त्यातून ६,००,००० रुपये मिळाले. हे जुन्या दराने आठ सामन्यांत मिळणाऱ्या रकमेहून पुष्कळच कमी आहेत. दर वाढले तरी दिवस घटल्याने मिळकत घटली.

३. रग्बीचा दाखला

याच्या उलट व्यवस्था कोठे पाहावयास मिळते? इंग्लंडमधील व्यावसायिक रग्बी युनियनचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील प्रीमियरशिप स्पर्धेतील खेळाडू क्लबशी करारबद्ध असून त्यांना नियमित वेतन मिळते. मार्च २०२० मध्ये स्पर्धा थांबली तेव्हा ते वेतन बंद झाले नाही. बहुतेक क्लबांनी त्यात सुमारे २५ टक्के कपात केली. १४ ऑगस्ट रोजी स्पर्धा पुन्हा सुरू झाली आणि राहिलेले सामने उरकण्यासाठी आठवड्याच्या मध्यासही खेळ ठेवावा लागला. रग्बी हा अंगाशी अंग भिडवून खेळावयाचा खेळ असल्याने संसर्गाचे भय मोठे होते. सेल येथील संघात इतके खेळाडू बाधित निघाले की, ऑक्टोबरमध्ये वूस्टरविरुद्धचा निर्णायक सामना त्यास सोडून द्यावा लागला. २४ ऑक्टोबर रोजी एक्झेटरने वास्प्सला हरवून अजिंक्यपद जिंकले.

म्हणजे करारामुळे खेळाडू वाचला. परंतु मग भार कोणी सोसला? तो क्लबांनी सोसला. प्रेक्षकांचे उत्पन्न गेले, सरकारी कर्जे डोक्यावर आली आणि आधीच तोट्यात असलेले काही क्लब पुढे कोलमडले. २०२२ च्या शरद ऋतूत वूस्टर आणि पाठोपाठ १८६७ साली स्थापन झालेला वास्प्स हे दोन क्लब दिवाळखोरीच्या व्यवस्थापनात गेले व त्यांच्या खेळाडूंचे करार संपुष्टात आले. पुढील वर्षी लंडन आयरिशचीही तीच गत झाली. या पतनास साथ हे एकमेव कारण नव्हते. उत्पन्नाहून अधिक खर्चाची जुनी सवयही त्यामागे होती. पण साथीने तो डोलारा उघडा पाडला.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे असे दिसते की, साथीने झालेली हानी कोणाच्या तरी माथी पडणारच. भारतीय क्रिकेटमध्ये संस्था भक्कम राहिल्या आणि प्रथम झळ खेळाडूस लागली. इंग्लंडमधील रग्बीत खेळाडूस प्रथम आधार मिळाला, परंतु संस्थाच खचल्यावर तो आधारही निसटला. यावरून केवळ कराराची मागणी पुरेशी ठरत नाही. सुबत्तेच्या वर्षी राखीव निधी बाजूस ठेवणारी संस्था आणि हंगामभराचे किमान मानधन निश्चित करणारा करार, या दोहोंची जोड आवश्यक ठरते.

४. महाराष्ट्रातील इतर खेळ

क्रिकेटच्या पाठीशी निदान सधन मंडळ होते. कबड्डीची प्रो कबड्डी लीग २०२० मध्ये झालीच नाही. आठवा हंगाम डिसेंबर २०२१ पासून बेंगळुरूतील एकाच हॉटेलात सर्व बाराही संघांस ठेवून, प्रेक्षकांवाचून पार पडला. कुस्तीत जानेवारी २०२० मध्ये हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाला. त्यानंतरची स्पर्धा थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यास भरली आणि पृथ्वीराज पाटील याने ती जिंकली. परंतु मल्लाचा चरितार्थ एका गदेवर चालत नाही. तो गावोगावच्या जत्रांतील इनामाच्या कुस्त्यांवर चालतो. जत्राच बंद झाल्याने फड भरले नाहीत, आणि तालमीचा खुराक मात्र चालू ठेवणे भाग होते. या मल्लांना दैनिक मानधनाचा दर नव्हता की मागील हंगामाच्या आधारे भरपाई देणारे कोणी नव्हते.

५. हरवलेले वर्ष

पैशाची हानी काही अंशी भरून निघते. वयाची हानी तशी भरून निघत नाही. २०२०-२१ मध्ये सोळा वर्षांखालील विजय मर्चंट, एकोणीस वर्षांखालील कूचबिहार आणि तेवीस वर्षांखालील सी. के. नायडू या दीर्घ सामन्यांच्या स्पर्धा झाल्या नाहीत. वयोगटाची मर्यादा मात्र कोणासाठी थांबली नाही. अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावातील मुलास चामडी चेंडूच्या नियमित खेळासाठी सामान्यतः अमरावती किंवा अकोला गाठावे लागते. जिल्ह्याच्या सामन्यांतून विदर्भाच्या वयोगटातील संघ आणि तेथून रणजी संघ अशी ही शिडी आहे. अमरावतीचा जितेश शर्मा, अकोल्याचे अथर्व तायडे व आदित्य ठाकरे हे खेळाडू याच प्रदेशातून वर आले. आदित्य ठाकरे याने तर वयाच्या एकोणिसाव्या वर्षी रणजीच्या अंतिम सामन्यात पदार्पण केले आणि विदर्भाने तो सामना जिंकून २०१७-१८ चे अजिंक्यपद मिळविले. त्या वयाच्या मुलाच्या वाट्यास २०२०-२१ चे वर्ष आले असते तर त्याला गुणदर्शनाची संधीच लाभली नसती. असे किती जण शिडीवरून उतरून दुकानात, शेतात किंवा नोकरीच्या शोधात गेले याची नोंद धावफलकात सापडत नाही. ज्याने सामनाच खेळला नाही, त्याचे नाव फलकावर येत नसते.

रणजी स्पर्धा २०२२-२३ पासून पूर्ववत भरू लागली. २ मार्च २०२५ रोजी नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला आणि त्याच हंगामात हर्ष दुबे याने ६९ बळी घेऊन एका हंगामातील बळींचा नवा उच्चांक प्रस्थापित केला. डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे स्पर्धा पूर्ववत झाली त्याच हंगामात, त्याचे पदार्पण झाले होते. दोन वर्षे आधी संघाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलास ही वेळ साधली नाही. पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. परंतु ती आली असता हंगामाचे किमान मानधन कोणी द्यावे, आणि वय उलटून गेलेल्या मुलास एका वर्षाची सवलत द्यावी काय, हे दोन प्रश्न आधीच सोडवून ठेवणे मात्र क्रीडासंस्थांच्या हाती आहे.