चिप आली, नोंदवही कुठे आहे?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठी ‘गौ चिप’ व म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचे लोकार्पण झाले. वासराच्या रक्तावरून त्याचे पुढचे गुण आजच ताडता यावेत, हा त्यामागील हेतू. एरवी वळूची पारख व्हायची ती त्याच्या कालवडी विऊन दुधाला लागल्यावर. तोवर पाच-सात वर्षे निघून जात. २००१ साली म्यूविसेन, हेज व गोडार्ड या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या जनुकीय निवडीने हा काळ वाचतो, हे निर्विवाद आहे.

परंतु चिप म्हणजे काही त्रिकालज्ञ ज्योतिषी नव्हे. हजारो जनावरांचे गुण आणि त्यांची जनुके शेजारी मांडून दाखवली, तरच तिला अनुमान करता येते. ब्राझीलने हे साधले. आंध्रच्या किनाऱ्यावरून गेलेला ओंगोल गोवंश तेथे ‘नेलोर’ या नावाने मांसासाठी पोसला जातो, आणि जनावर कापल्यावरच कळणारे गुण जिवंतपणी ताडण्यास ही रीत तेथे उपयोगी पडते. तो हेतू आपला नव्हे. नोंदवहीची शिस्त मात्र घेण्यासारखी आहे.

आता आदिलाबादकडे पाहा. १९५६ साली त्या जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके मराठी मुलखात आले. नकाशावर रेघ पडली, तरी काळी जमीन तीच आणि कपाशीही तीच. बाजारात बैल घेताना तिथला शेतकरी खूर पाहतो, छाती पाहतो, भर उन्हातला दम पाहतो. हा दम कोणत्या सरकारी वहीत उतरतो? आपल्या नोंदींचा सारा भर दुधावर, कारण दूध मापाने मोजता येते. शेजारच्या नांदेडची लाल कंधारी तर प्रामुख्याने ओढकामाची जात. दुधाच्याच मापाने वळू निवडत गेलो, तर नांगर ओढणारे रक्त आपणच मागे सारू, आणि तेही शास्त्राच्या नावाने!

आपल्या कोकण कपिलेची गत याहून वेगळी नाही. दूध बेताचे, पण डोंगरातल्या वाळल्या गवतावर आणि धो धो पावसात ती तगते. या तगण्याला कोणी गुण दिले आहेत काय?

जनावरांच्या कानांत बारा आकडी बिल्ले लागले आहेत. त्या आकड्यापुढे बैलाने दिवसात किती जमीन नांगरली, किती वर्षे जू वाहिले, हे लिहिण्यास यंत्र लागत नाही. दोन्ही राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांनी ही वही एकत्र उघडावी. वळूला सीमा ठाऊक नसते.