नकाशा दिसतो, पण मिळतो का?

मित्राच्या बहिणीचं लग्न आहे. पत्रिकेत गावाचं नाव, तालुका आणि त्याखाली 'अमुक वस्ती, तमुक रोड' एवढाच पत्ता. तुम्ही मोबाइलवर गावाचं नाव टाकता. निळी रेघ तुम्हाला गावच्या चौकात आणून सोडते आणि वर म्हणते, तुम्ही पोहोचलात! पुढचे तीन किलोमीटर मात्र फोनवरच्या सूचनांवर काढायचे. 'मारुतीच्या देवळापासून डावीकडे वळा, चारी ओलांडली की पत्र्याचं शेड दिसेल, तिथे कुणालाही विचारा.'

लग्नाला उशीर झाला तर फार काही बिघडत नाही. अक्षता हुकतात, जेवण मिळतं. पण हाच पत्ता रात्री दोन वाजता १०८ च्या ॲम्ब्युलन्सला सांगायचा असेल तर?

आपला नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा. १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसारा, १४ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांवर लोकसंख्या. अकोल्यात १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, तर दुसऱ्या टोकाला जामखेड. या पसाऱ्यातली कितीतरी कुटुंबं गावठाणात राहतच नाहीत. ती राहतात मळ्यात, वाडीवर, वस्तीवर. तिथे जाणारा पाणंद रस्ता, वाटेतला ओढा, पावसाळ्यात बंद होणारा फरशी पूल हे सगळं गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नकाशाला ते माहीत नसतं.

मग हे नकाशात भरायचं कुणी?

विद्यार्थ्याने सुरू केलेला नकाशा

२००४ सालची गोष्ट. स्टीव्ह कोस्ट हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला विद्यार्थी. ब्रिटनचे सरकारी नकाशे 'ऑर्डनन्स सर्व्हे' ही संस्था बनवायची. नकाशे उत्तम, पण ते वापरायचे तर पैसे मोजा आणि अटी पाळा. कोस्टने वेगळी वाट धरली. लोकांनीच जीपीएस घेऊन फिरायचं, रस्ते नोंदवायचे आणि तयार झालेला नकाशा सगळ्यांना मोफत द्यायचा. यातून 'ओपनस्ट्रीटमॅप' उभा राहिला. विकिपीडियासारखंच हे काम. कुणीही भर घालू शकतं, कुणीही दुरुस्त करू शकतं, कुणीही वापरू शकतं.

याचा खरा कस लागला १२ जानेवारी २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर. मदतपथकांकडे राजधानीचा धड नकाशा नव्हता. उपग्रहांची ताजी चित्रं वापरायला खुली झाली आणि जगभरातल्या स्वयंसेवकांनी घरी बसून त्यावरून रस्ते, इमारती, छावण्या नोंदवल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेनेही आपले बरेचसे नकाशे सगळ्यांसाठी मोफत खुले केले.

इतक्या लांब जायला नको. २०१८ च्या महापुरानंतर केरळ सरकारच्या आयटी मिशनने 'मॅपॅथॉन केरळम' या नावाने लोकांनाच ओपनस्ट्रीटमॅपवर आपापला भाग नोंदवायला बोलावलं. आपल्या राज्यात पुण्याची 'शेल्टर असोसिएट्स' ही संस्था वर्षानुवर्षं वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन माहिती गोळा करते, ती नकाशावर मांडते आणि कुठल्या घरात शौचालय नाही, ड्रेनेज कुठून जातं, हे दाखवते. नकाशा हातात असला की 'आमच्याकडे सोय नाही' या तक्रारीला घर नंबर मिळतो. मग ती टाळणं अवघड होतं.

कायदा सैल झाला, पण...

आपल्याकडे नकाशे बनवणारी 'सर्व्हे ऑफ इंडिया' १७६७ पासूनची. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ नकाशा म्हटलं की सुरक्षेचा प्रश्न, असंच समीकरण राहिलं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी वेगळे आणि लोकांसाठी वेगळे नकाशे केले. २०१६ मध्ये मात्र भलतंच विधेयक चर्चेला आलं. परवानगीशिवाय भौगोलिक माहिती गोळा केली किंवा प्रसिद्ध केली, तर १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि ७ वर्षांपर्यंत कैद! देशभरातून विरोध झाला आणि ते मागे पडलं.

२०१७ मध्ये 'सर्व्हे ऑफ इंडिया'ला २५० वर्षं झाली. तेव्हा 'नक्शे' नावाचं पोर्टल सुरू झालं आणि आधार क्रमांक देऊन १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मोफत उतरवता येऊ लागले. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली. भारतीयांना नकाशे बनवायला आधी परवानगी घ्यायची गरज उरली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण आलं.

ऐकायला झकास वाटतं ना? आता बारीक अक्षरं वाचा. २०२१ ची तत्त्वं म्हणतात की जनतेच्या पैशातून तयार झालेला भौगोलिक डेटा, गोपनीय भाग सोडून, सगळ्या भारतीयांना सहज मिळायला हवा. पण मोफत फक्त सरकारी खात्यांना. बाकीच्यांना 'वाजवी आणि पारदर्शक' दरात. थोडक्यात, एकदा करातून पैसे दिले, आता फाइलसाठी पुन्हा द्या.

शिवाय १:५०,००० म्हणजे नकाशावर २ सेंटीमीटरमध्ये जमिनीवरचा १ किलोमीटर. जिल्ह्याची ओळख व्हायला हे चांगलं आहे. पण आपल्या शिवारातला बांध, नाला, गट पाहायचा तर ते प्रमाण कामाचं नाही.

दिसणं वेगळं, मिळणं वेगळं

गटाचा नकाशा सरकारकडे नाही असं थोडंच आहे? 'महाभूनकाशा'वर जा. जिल्हा, तालुका, गाव निवडा, गट नंबर टाका. जमिनीचा आकार समोर येतो, त्याची प्रिंटही निघते. सातबारा ऑनलाइन, नकाशा ऑनलाइन. एका शेतकऱ्याला एका गटासाठी हे पुरेसं आहे.

पण समजा, तुमच्या भूगोलाच्या किंवा पर्यावरणाच्या प्रोजेक्टसाठी अख्ख्या गावाच्या गटांवर विहिरी, बोअर, बंधारे, ओढे मांडून बघायचेत. कुठल्या भागात पाणी मुरतं, कुठे उपसा जास्त आहे, ते शोधायचंय. तेव्हा लागते गावाची अशी फाइल, जी 'क्यूजीआयएस'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. सोबत लागते ती वापरायची स्पष्ट मुभा. स्क्रीनवरच्या चित्रावर काही मांडता येत नाही. काचेच्या कपाटातलं पुस्तक दिसतं, पण वाचता येत नाही, तशातली गत.

गाव पातळीवर नकाशाने काय होतं, हे नगर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती, ते मोजायचं आणि मग कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत 'वॉटर' या संस्थेने पाणलोटाचं काम केलं. शेतकरी कुटुंबाला सोबत घेऊन, गट नंबरनुसार, प्रत्येक तुकड्यावर काय करायचं ते बांधावर उभं राहून ठरवायचं, ही त्या कामाची पद्धत. दोन्ही ठिकाणी मूळ गोष्ट एकच आहे. गावाने आपली जमीन आणि आपलं पाणी स्वतः मोजलं आणि त्यावर निर्णय घेतले.

आता याला 'ई-पीक पाहणी' जोडून बघा. २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढतो आणि नोंद करतो. म्हणजे कुठल्या गटात ऊस, कुठे कांदा, कुठे बाजरी, ही माहिती शेतकऱ्यानेच सरकारला दिली. ती नावं आणि खाते क्रमांक वगळून, गावनिहाय, नकाशासकट परत गावाला मिळाली तर? कितीतरी गावांना हिवरे बाजारसारखा ताळेबंद मांडता येईल. सर्व्हे नव्याने करायची गरज नाही. तो झालेलाच आहे, आपल्याच लोकांनी केलेला.

सुरक्षेचं काय?

हा प्रश्न येणारच, आणि तो चुकीचा नाही. नगरमध्ये लष्कराचं मोठं ठाणं आहे, तेव्हा आपल्याला तो जास्तच कळतो. लष्करी भाग गुप्तच राहायला हवा. कुणाच्या नावावर किती जमीन आणि कुणावर किती कर्ज, हेही चव्हाट्यावर यायला नको. पण गावाची शीव, ओढ्याची वाट, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, पाझर तलाव यात गुपित कसलं? तसंही उपग्रहाच्या चित्रात हे सगळं जगाला दिसतं. अडतं ते फक्त त्या गावात राहणाऱ्याचं.

आणखी एक मुद्दा नावांचा. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. कागदावर नाव बदललं, पण जुन्या नकाशात ते तसंच राहिलं तर मोबाइल जुनंच नाव दाखवत राहणार. खुल्या नकाशात हे वस्तीतल्याच कुणालाही दुरुस्त करता येतं. आपल्या वस्तीचं नाव आपण लिहिणं ही छोटी गोष्ट नाही.

मागायची सवय आपलीच

माहिती मागायची कशी, हे नगरकरांना कुणी शिकवायला हवं का? राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं आणि राज्याच्या माहिती अधिकार कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. देशाचा कायदा त्यानंतर, १२ ऑक्टोबर २००५ पासून. त्या कायद्याच्या व्याख्येत माहिती फ्लॉपीवर मिळण्याचा अधिकारही लिहिलेला आहे! फ्लॉपी तुम्ही पाहिलीही नसेल, पण पुढचे शब्द कामाचे आहेत. इतर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली माहिती मागता येते. कलम ७(९) सांगतं की माहिती ज्या स्वरूपात मागितली, शक्यतो त्याच स्वरूपात द्यायची. कलम ४ तर म्हणतं, कुणी मागायच्या आधीच कार्यालयाने होईल तेवढी माहिती स्वतःहून जाहीर करावी.

म्हणजे 'नकाशाची झेरॉक्स नको, फाइल द्या' असं म्हणायला कायदा तुमच्या पाठीशी आहे.

तुम्ही काय करू शकता?

१. आधी आपला भाग भरा. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं मोफत निघतं. 'स्ट्रीटकम्प्लीट' ॲप चालता चालता साधे प्रश्न विचारतं आणि तुमची उत्तरं नकाशात जातात. वस्ती, पाणंद, पूल, दवाखाना हे आधी. नाव मराठीतून लिहायला वेगळी जागा असते, जुन्या नावालाही असते. एक नियम पक्का पाळा. गूगल मॅप्सवरून पाहून काहीही उतरवायचं नाही, तो डेटा त्यांचा आहे. स्वतः पाहिलेलं, स्वतः चाललेलंच लिहा.

२. मग सरकारकडे मागा. माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइनही करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून प्रश्न नेमका हवा. गटांच्या नकाशासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे अर्ज करा. नकार आला तर कारण लेखी असतं, आणि त्यावर अपील करता येतं.

३. परवानाही मागा. केंद्राचा 'गव्हर्न्मेंट ओपन डेटा लायसन्स' २०१७ पासून आहे. स्रोताचं नाव द्या आणि डेटा हवा तसा वापरा, असा त्याचा अर्थ. जिल्ह्याच्या डेटाला तोच लागू करा, एवढीच मागणी पुरते.

४. एनएसएसच्या हिवाळी शिबिराला गावात जाताच. यंदा भिंती रंगवण्यासोबत एक दिवस शिवार फेरी काढा. फोनमध्ये जीपीएस, सोबत गावातली दोन म्हातारी माणसं. ओढ्यांची आणि जुन्या बारवांची नावं फक्त त्यांनाच माहीत असतात आणि ती कुठल्याच पोर्टलवर नाहीत.

५. शेवटचं काम ग्रामसभेचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जवळची तारीख बघा. गावात तुमचं मतदार यादीत नाव असेल तर तुम्ही तिथले सभासद आहात. उठून उभं राहा आणि एक ठराव मांडा. 'आमच्या गावाच्या नकाशाची डिजिटल फाइल ग्रामपंचायतीला मोफत मिळावी आणि ती गावातल्या कुणालाही वापरता यावी.' दोन ओळींचा ठराव. पण तो गावाच्या शिक्क्यानिशी गेला की एका विद्यार्थ्याचा हट्ट राहत नाही, गावाची मागणी होते.