समाजमाध्यमे आणि आपण : लेखांक सातवा – ओळख, उमेदवारी आणि उदीम

समाजमाध्यमावरील खाते कसे उघडावे आणि आपला खाजगी मजकूर कोणाच्या दृष्टीस पडू द्यावा, याचा विचार मागील लेखांकापर्यंत झाला. आता ज्या प्रयोजनांसाठी सामान्य गृहस्थ हे खाते उघडतो त्यांकडे वळावयाचे आहे. आप्तस्नेह्यांशी संबंध राखणे, नोकरी शोधणे आणि धंद्याची जाहिरात करणे ही तीन प्रयोजने परस्परांपासून भिन्न मानण्याचा प्रघात असला, तरी माझ्या मते तिन्हींच्या मुळाशी एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे ओळख.

ओळखीच्या आधाराने पोटापाण्याचा मार्ग शोधणे आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या गिरण्या भरात असताना रत्नागिरीकडून पत्र्याची ट्रंक घेऊन भाऊच्या धक्क्यावर उतरणारा तरुण प्रथम लालबाग-परळच्या चाळीतील गावकऱ्यांची खोली गाठी. तेथे त्याला वळकटी पसरण्यापुरती जागा मिळे, खानावळवाल्या बाईकडे त्याचे उधारीचे खाते त्या खोलीच्या भरवशावर उघडले जाई, आणि गिरणीतील मुकादमाच्या कानावर त्याचे नाव घालणारा कोणी तरी त्याच खोलीत, नाही तर शेजारच्या खोलीत, निघे. त्या पद्धतीत मुकादमाची दस्तुरी होती, जुलूमही होता, आणि त्याला आळा घालण्यासाठी 1935 साली बदली कामगारांच्या नोंदणीची योजना अंमलात आली; परंतु परक्या शहरात माणसाला हात देणारी ती खोली मात्र त्यानंतरही टिकून राहिली. व्हॉट्सॲपवरील ग्राममंडळाचा गट, ज्यात आज 1024 जणांचा समावेश होऊ शकतो, तो याच खोलीचा वारस आहे असे मी मानतो.

ओळखीचेही प्रकार असतात, आणि नोकरीच्या कामी त्यांतील कोणता उपयोगी पडतो याचे उत्तर अनपेक्षित आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावी नोकरी बदललेल्या लोकांची चौकशी केली आणि 1973 साली आपला निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांची त्या माणसाशी वरचेवर भेट होत असे असे केवळ 16.7 टक्के निघाले, 55.6 टक्के लोकांची भेट अधूनमधून, तर 27.8 टक्के लोकांची क्वचितच होत असे. याचे कारण उघड आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी वार्ता येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्याकडून. पुढे लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सभासदांच्या व्यवहारावरून झालेले संशोधन 2022 साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात या सिद्धांताला पुष्टी मिळतानाच एक महत्त्वाची मर्यादाही दिसून आली : अगदी नाममात्र ओळखीपेक्षा, ज्याच्याशी आपले काही समाईक स्नेही आहेत अशा मध्यम ओळखीचा उपयोग अधिक होतो.

माझ्या भाच्याचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. त्याची कंत्राटी नोकरी सुटली तेव्हा त्याने लिंक्डइनवरील दोनशेएक अनोळखी अधिकाऱ्यांना एकच मजकूर धाडला : ‘सर, प्लीज काही जॉब असेल तर सांगा.’ उत्तर एकाचेही आले नाही, आणि त्यात त्या अधिकाऱ्यांचा कसूर आहे असे मला वाटत नाही. मुलगा कोण, त्याला काय येते आणि हवे काय, यांपैकी कशाचाही त्या ओळीत पत्ता नव्हता. मग एके रात्री माझ्यासमोर बसून त्याने तंत्रनिकेतनातील एका जुन्या विद्यार्थ्याला लिहिले : ‘दादा, पॉलिटेक्निकला तुमच्या मागे दोन वर्षं होतो, वर्कशॉपमध्ये तुम्ही माझं टूल ग्राइंड करून दिलं होतं. आता सीएनसीवर तीन वर्षं झाली, प्रोग्रॅम स्वतः करतो. भोसरी-चाकणला कुठे जागा निघणार असेल तर नुसतं कळवा.’ उत्तर अर्ध्या तासात आले. दादांकडे जागा नव्हती. पण कोणत्या कारखान्यात नवे यंत्र येऊन पडले आहे आणि त्यावर बसावयास माणूस नाही, हे त्यांना माहीत होते.

इच्छुकांनी एका गोष्टीची खातरजमा मात्र अवश्य करावी. खरा मालक नोकरी देण्यासाठी अनामत, गणवेशाचे पैसे अथवा नोंदणीशुल्क मागत नाही. तसा तगादा कोणी लावला तर व्यवहार तेथेच तोडावा, आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लाजेने दोन दिवस गप्प राहणाऱ्या माणसाचे पैसे परत मिळणे कठीण होऊन बसते.

धंद्याचे शास्त्र मला समजले ते देवगडच्या एका बागायतदारांकडून. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली ती नेमकी हापूस उतरविण्याच्या हंगामात, आणि वाशीच्या दलालावर सारी भिस्त असलेल्या या गृहस्थांनी मुंबईतील नातेवाइकांच्या सोसायट्यांत व्हॉट्सॲपवरून पेट्यांची मागणी गोळा करण्यास आरंभ केला. कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी देवगडच्या नावाने परप्रांतीय फळ विकण्याची वहिवाट थांबलेली नाही. आणि हापूसमधला साका, म्हणजे गराचा आतील बिघाड, तर फळ कापल्याखेरीज कोणालाच दिसत नाही. अशा मालाच्या जाहिरातीत विशेषणे कितीही घातली तरी ती व्यर्थ होत. यांनी ग्राहकांना इतकेच कळविले : फळात साका निघाला तर कापलेल्या फोडीचे छायाचित्र पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळे वाढवून देईन. आणि दिलेला शब्द ते पाळीत आले आहेत.

त्यांची ग्राहकयादी व्हॉट्सॲपच्या प्रक्षेपणसूचीत आहे. अशा एका सूचीत 256 नावे बसतात, परंतु ज्याने पाठविणाऱ्याचा क्रमांक आपल्या दूरध्वनीत जतन केला असेल त्यालाच संदेश पोहोचतो. सबब ज्याने ओळख ठेवली नाही त्याच्यापर्यंत या मार्गाने जाहिरात जातच नाही. हा नियम मला फार न्याय्य वाटतो. हंगाम संपल्यावरही त्यांचे संदेश येतात, वर्षातून तीन-चारच. गेल्या ऑक्टोबरात आलेल्या संदेशात भाव नव्हता, मागणीची विचारणा नव्हती. कलमांना आलेल्या तांबूस पालवीचे एक छायाचित्र होते, आणि खाली लिहिले होते, ‘पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला, मोहोर जरा मागे पडेल. घरी सगळे बरे आहात ना?’